खिडकीजवळचं टेबल

मोठ्या हॉटेलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जेवून बिल हातात आलं, की घरचं कुणीतरी म्हणतंच, "एवढ्या पैशांत महिन्याचा किराणा आला असता!" खरंच आला असता. पण त्या बिलात डाळ-रोटी किती आणि काच किती, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. आज तो मांडून बघू या.

डाळ काही उंचीवर गेल्यानं बदलत नाही. वरच्या मजल्यावर आपण भाव देतो तो नजरेला. आणि ही नजर नुसती खिडकी ठेवून मिळत नाही, ती तयार करावी लागते. दिवसा बाहेर उजेड जास्त, त्यामुळे काचेतून शहर दिसतं. रात्री उलट होतं. आत लखलखीत दिवे लावले, तर काचेचा आरसा बनतो आणि गिऱ्हाइकाला मुंबईऐवजी स्वतःचंच तोंड दिसतं. म्हणून दिवे मंद, त्यांचा झोत फक्त टेबलापुरता, छत आणि भिंती गडद. आपल्याला वाटतं, हे सगळं वातावरणनिर्मितीसाठी आहे. मेनू वाचता येत नाही म्हणून आपण मोबाइलचा टॉर्च लावतो, आणि शेजारच्या टेबलाची मुंबई विझवून टाकतो.

या कलेतला सर्वांत गमतीदार प्रकार म्हणजे फिरतं रेस्टॉरंट. जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहराच्या टॉवरवर ते 1959 साली फिरू लागलं, 1962 साली अमेरिकेत सिॲटलच्या 'स्पेस नीडल'वर आलं, आणि मग जगभरच्या हॉटेलांना त्याचं वेड लागलं. लोकांना वाटतं, अख्खा मजला फिरतो. तसं नसतं. मधला गाभा जागच्या जागी असतो. लिफ्ट, नळ, मोरी, स्वयंपाकघर सगळं त्यात. बाहेरच्या खिडक्याही स्थिर. फिरतो तो या दोहोंमधला, टेबल-खुर्च्यांचा गोल पट्टा, चाकांवर, साधारण तासाभरात एक फेरी. सिॲटलचा पट्टा फिरवायला सुरुवातीला एक हॉर्सपॉवरची मोटर पुरत असे. आपल्या सोसायटीत पाणी चढवणारा पंप त्याहून दांडगा असतो. नवखा माणूस हातातली पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो, आणि सूप येईपर्यंत पिशवी दोन टेबलं मागे राहिलेली असते. वेटरचे हाल वेगळेच. तो ऑर्डर घेऊन आत जातो, बाहेर येतो, तर गिऱ्हाईक दुसरीकडेच!

मुंबईत चर्चगेटजवळ, वीर नरिमन रोडवरच्या ॲम्बॅसेडर हॉटेलच्या माथ्यावर अशी तबकडी होती. 1996 साली आकाशवाणीवर कविता वाचल्याचं मानधन मिळालं, त्यात पदरचे बरेच घालून मी अम्मीला तिथं घेऊन गेलो. गोश्त हलाल आहे का, हे वेटरला विचारायचा तिला संकोच वाटला, म्हणून तिनं भाजीचे नूडल्स मागवले. खाण्याकडे मात्र तिचं लक्ष नव्हतं. समुद्र आला, मरीन ड्राइव्हची दिव्यांची माळ आली, ब्रेबर्न स्टेडियम आलं, राजाबाई टॉवर आला. "अच्छा है," ती म्हणाली, "लेकिन अपना घर किधर?"

डोंगरीचा बाजूला आल्यावर मी बोट दाखवलं. तिथं नुसता विटकरी उजेडाचा धुरळा होता. ना रस्ता ओळखू येत होता, ना मशीद. तिनं दुसऱ्या फेरीपर्यंत थांबायचं ठरवलं. थंड झालेले नूडल्स काट्यानं उलटसुलट करत आम्ही तासभर बसलो. दुसऱ्या फेरीतही डोंगरी सापडली नाही. वेटर म्हणाला, "सगळेच आधी आपलं घर शोधतात, माँजी." समुद्राकाठी घर असलेल्यांना ते सापडत असणार. आमच्यासारख्यांच्या वस्त्या वरून पाहिल्या तर गिचमिड अंधार तरी असतात, नाहीतर गिचमिड उजेड. शिवाय जाड काचेमुळे आवाज नाही, वास नाही. हॉर्न, अजान, सुक्या बोंबलांचा वास वजा केला, तर आपली गल्ली ओळखायची तरी कशावरून?

नजरेचा आणखी एक हिशेब आहे. फिरता असो वा स्थिर, अशा मजल्यांवर खिडकीची जागा इतकी महाग, की ती स्वयंपाकघराला देणं परवडत नाही. आमच्या इमारतीतला एक मुलगा एका बड्या हॉटेलात असाच उंचावर चार वर्षं भांडी धूत होता. मी त्याला एकदा हौसेनं विचारलं, "वरून काय दिसतं रे?"

"टाइल्स, चाचा," तो म्हणाला.

आता बिलाकडे. अशा महागड्या हॉटेलांतल्या जेवणावर सहसा अठरा टक्के जीएसटी लागतो. गल्लीतल्या रेस्टॉरंटात पाच टक्के. हा कर द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र कर नव्हे. तो परस्पर बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 साली सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025मध्ये ते उचलून धरलं. नको असेल तर निःसंकोच काढायला सांगा. वेटरला द्यायचे ते त्याच्या हातात द्या.

आणि सूर्यास्तासाठी जाणार असाल तर पंचांग बघून जा. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, आणि रात्रीचं जेवण बऱ्याच ठिकाणी सातला सुरू होतं. जूनमध्ये तो सव्वासातपर्यंत टिकतो, पण तेव्हा ढग असतात. त्यापेक्षा हिवाळ्यात पाचच्या चहाला जावं. फोन करतानाच खिडकीजवळचं टेबल मागावं. चहा जेवणाहून स्वस्त पडतो, आणि खिडकी तीच असते. तेवढेही द्यायचे नसतील, तर समोर मरीन ड्राइव्हचा कट्टा आहे. तिथं हलालचा प्रश्न नाही, आणि भाजलेलं कणीस बसल्या जागी येतं.