पैठणच्या प्रतिनिधींना बोलायचे आहे

नववीतली आमची कन्या शाळेतून आली ती गाल फुगवूनच. शाळेत ‘नमुना संयुक्त राष्ट्रसभा’ भरायची होती. विषय नाईल नदीचे पाणी, आणि चिठ्ठीत हिच्या वाट्याला आले होते इजिप्त.

“बाबा, मला इथिओपिया हवा होता! बिचारे स्वतःच्या पैशांनी धरण बांधतात, आणि त्यांना अडवणार कोण, तर मी!”

आम्ही पडलो नाशिककर. गोदावरीचा उगम आमच्या उशाशी, गंगापूर धरण आमच्या अंगणात. वरच्या काठाची बाजू पोरीला आपोआप पटावी, यात नवल ते काय?

हा खेळ तसा जुना. १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ जन्मला, त्याच्याही आधी अमेरिकेतले विद्यार्थी जुन्या राष्ट्रसंघाच्या अशा लुटुपुटीच्या सभा भरवीत. मुलांपुढे देशाच्या पाट्या असतात. ‘मी’ म्हणायचे नाही. ‘इजिप्तचे म्हणणे असे आहे’ असेच बोलायचे. भाषणे मिनिटा-दोन मिनिटांची. खरे राजकारण चालते ते मधल्या वेळात, कोपऱ्यात घोळके करून. मग ठरावाचा मसुदा, दुरुस्त्या आणि मतदान. देश लहान असो वा मोठा, मत एकच.

कन्या नाइलाजाने इजिप्तचा अभ्यास करू लागली. त्या देशात पाऊस नावापुरता. सारी भिस्त नाईलवर. १९५९ च्या कराराने इजिप्तने ५५.५ आणि सुदानने १८.५ अब्ज घनमीटर पाणी वाटून घेतले. ज्या इथिओपियातून नाईलचे बहुतेक पाणी येते, त्याला कोणी विचारलेही नाही! त्या इथिओपियाने २०११ साली धरण बांधायला घेतले आणि २०२५ साली त्याचे उद्घाटन केले.

एका रात्री जेवताना तिने भाषण वाचून दाखवले. “खालच्या काठावरच्या शेतकऱ्याला दरवर्षी एकच प्रश्न पडतो: यंदा वरून पाणी सोडतील ना?”

सौभाग्यवतींचा वाढता हात थांबला. त्यांचे माहेर पैठणचे, जायकवाडीच्या काठचे.

“तुझे आजोबा हेच म्हणतात गं,” ती हळूच म्हणाली. “पण या घरात कुणी कधी विचारलं नाही.”

घास माझ्या घशात अडकला. जायकवाडीला पाणी सोडण्याची बातमी आली, की दरवर्षी मी तावातावाने नाशिकची बाजू मांडायचो, आणि ती उठून स्वयंपाकघरात जायची. ते मौन मी इतकी वर्षे संमती समजत आलो होतो. वर्गात मात्र मी वादविवाद शिकवतो!

सभेत कन्येला बक्षीस मिळाले नाही. इजिप्तला ‘संमती’ हा शब्द हवा होता, इथिओपियाला ‘सल्लामसलत’. तासभर झगडून ‘पूर्वसूचना’ या शब्दावर ठराव कसाबसा तरला. एका शब्दासाठी मुले इतकी झटली, हे भाषेच्या मास्तराला बक्षिसाहून मोठे वाटले.

या सभांचा पुष्कळदा कोट-टायचा आणि फाडफाड इंग्रजीचा सोहळा होतो, हे खरे. पण पाट्या आणि चिठ्ठ्यांना खर्च तो किती? मराठी शाळांनी मराठीतून अशी सभा जरूर भरवावी. नावडती बाजू मांडायला लागल्यावाचून ती कळत नाही.

यंदा पावसाळा सरला आणि वर्तमानपत्रात पुन्हा जायकवाडी आली. मी घसा खाकरला. कन्येने वहीची पाटी उंच धरली.

“नाशिकच्या प्रतिनिधींनी खाली बसावे. पैठणच्या प्रतिनिधींना बोलायचे आहे.”

मी मुकाट्याने बसलो.