डिझेलची गाडी आणि छोटे बेट

गेल्या गणपतीत आमच्या गाडीतून मखराच्या फळ्या, पेटी, तबला आणि प्रसादाचे दोन मोठे डबे उतरवत होतो. मदतीला आलेल्या एका तरुण मित्राने डिकीत वाकून पाहिले आणि विचारले, "काका, एवढं सगळं मावतं? आणि ही डिझेल आहे? अशी नवी मिळेल का हो?" मी म्हटले, "नवी आता मिळत नाही." त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयार होता, "मग कोणाची जुनी घेऊ का?" हातात फळ्या होत्या, आरतीची वेळ झाली होती, उत्तर राहून गेले. ते उत्तर सवडीने द्यावे म्हणून हा लेख. मी इंजिनियर असलो तरी मोटारींचा नव्हे. जे लिहितो ते स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलेले आहे.

आम्ही बुकित तिमाहला राहतो. मलय भाषेत बुकित म्हणजे टेकडी आणि तिमाह म्हणजे कथील. मोटारीशी या भागाचे नाते जुने आहे. अप्पर बुकित तिमाह रोडवर १९४१ साली फोर्ड कंपनीचा मोटारी जुळवण्याचा कारखाना निघाला, आग्नेय आशियातला पहिला. पुढच्याच वर्षी, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, त्याच इमारतीत ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आज तिथे संग्रहालय आहे. आमची गाडी मात्र तिथली नव्हे, युरोपी बनावटीची. तिचे नाव मुद्दामच लिहीत नाही. मला जाहिरात करायची नाही आणि बदनामीही नको.

डिझेलच का घेतली?

खरे कारण पुण्यात आहे. टेल्कोने १९९२ मध्ये 'टाटा इस्टेट' नावाची स्टेशन वॅगन काढली, तेव्हा आमच्या मामांनी ती घेतली होती. सुमारे दोन लिटरचे डिझेल इंजिन, मागे खोलीएवढी जागा. सुट्टीत आम्ही सात-आठ भावंडे तिच्यात कोंबली जात असू आणि मामा कोल्हापूरपर्यंत दामटत नेत. धूर काळा आणि आवाज ट्रकचा, पण मामा अभिमानाने सांगत, "डिझेल आहे, ॲव्हरेज बघ!" भारतात त्या काळी डिझेलचे दर सरकार ठरवत असे आणि ते पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त असे. 'डिझेल म्हणजे स्वस्त' हे समीकरण मी असे मामांच्या गाडीत बसून पाठ केले आणि सिंगापूरला येताना सामानाबरोबर घेऊन आलो.

२०१७ मध्ये आई कायमची आमच्याकडे राहायला आली. तिची चाकाची खुर्ची घडी न घालता आत जावी, ही पहिली अट होती. मलाक्का, क्वालालंपूरला वर्षातून चार-पाच वेळा जाणे होईच. शिवाय त्या वेळच्या नियमांचाही डिझेलला हातभार होता. २०१३ पासून इथे नव्या मोटारींना सूट किंवा दंड ठरवताना फक्त कार्बन डायऑक्साइड मोजत. डिझेल इंजिन तो पेट्रोलपेक्षा कमी सोडते, त्यामुळे पुष्कळ डिझेल गाड्यांना सूट मिळे. जून २०१७ मध्ये गाडी दारात आली. आईने हळदकुंकू वाहिले, चाकांखाली लिंबे ठेवली आणि म्हणाली, "मामाच्या गाडीसारखी आहे रे, फक्त ओरडत नाही."

स्वस्ताई कुठे आहे, कुठे नाही

इथे पेट्रोलवरचा कर मुख्यतः पंपावरच घेतला जातो. फेब्रुवारी २०२१ पासून तो नेहमीच्या पेट्रोलवर लिटरमागे ६६ सेंट आणि महागड्या पेट्रोलवर ७९ सेंट झाला. डिझेलवर २०१७ पर्यंत असा कर नव्हताच; त्या वर्षी लिटरला १० सेंट लागला आणि २०१९ मध्ये तो २० सेंट झाला. पण डिझेल मोटारीच्या मालकाला रोड टॅक्सबरोबर एक वेगळा 'स्पेशल टॅक्स' भरावा लागतो. पंपावरचा कर आला तेव्हा, आणि तो वाढला तेव्हाही, हा टॅक्स वर्षाला १०० डॉलरने उतरवला. पण तो संपला नाही.

याचा अर्थ असा की डिझेलवाला कराचा मोठा भाग ठोक भरतो, मग गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरो की पंचवीस हजार. जो पुष्कळ फिरतो त्याला पंपावर बचत होते आणि ठोक रक्कम वसूल होते. जो शाळा, बाजार आणि देऊळ एवढेच करतो, तो मुळात तोट्यात असतो. मी पहिले वर्षभर याच दुसऱ्या गटात होतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

कंदिलाची काच

पैशाच्या तोट्यापेक्षा मोठा तोटा इंजिनात होत होता. मामांच्या गाडीची काजळी नळीतून थेट हवेत जाई आणि मागच्या स्कूटरवाल्याच्या सदऱ्यावर बसे. आजच्या डिझेल गाडीत धुराच्या वाटेवर एक गाळणी असते. तिला डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर किंवा डीपीएफ म्हणतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा तो सिरॅमिकचा ठोकळा असतो. धूर आरपार जातो, काजळी आत अडकते.

ज्यांनी लहानपणी कंदिलाची काच पुसली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. काजळी साठली की ती काढावीच लागते. इथे फडके चालत नाही, ती जाळावी लागते. गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग धावली की धूर पुरेसा तापतो आणि काही काजळी आपोआप जळते. उरलेली जाळण्यासाठी गाडीचा संगणक अधूनमधून थोडे जास्तीचे डिझेल सोडून गाळणीचे तापमान ६०० अंश सेल्सियसच्या आसपास नेतो. या क्रियेला 'रिजनरेशन' म्हणतात. त्यासाठी गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटे बऱ्या वेगाने धावती राहायला हवी. आमचा रोजचा प्रवास होता मुलीच्या शाळेपर्यंत तीन किलोमीटर, वाटेत सात सिग्नल. इंजिन तापायच्या आत आम्ही ते बंद करत होतो.

२०१८ च्या ऑगस्टमधली संध्याकाळ. आईला डॉक्टरांकडे नेत होतो. बुकित तिमाह रोडवर समोरचा पिवळा दिवा लागला, गाडीचा दम एकाएकी गेला आणि वेग चाळिशीच्या वर जाईना. गाळणी फार तुंबली की इंजिनाचे नुकसान टळावे म्हणून गाडी स्वतःच ताकद कमी करते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मागून हॉर्न, बाहेर पाऊस, आणि आई शांतपणे, "अरे, गाडीला ताप आलाय का?" आम्ही कसेबसे पोचलो. चूक गाडीची नव्हती आणि विकणाऱ्याचीही नव्हती. माहितीपुस्तकात हे सगळे छापलेले होते. मी ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढले नव्हते.

गाळणी गॅरेजमध्ये यंत्र जोडून साफ करावी लागली. वयस्कर चिनी मेकॅनिकने बिल हातात देताना विचारले, "गाडी धावते कुठे?" मी सांगितले. तो हसून म्हणाला, "ही लांब पल्ल्याची गाडी आहे. तुम्ही हिला अंगणात बांधून ठेवली आहे." गाळणी बदलावी लागली असती तर खर्च कित्येक पटींनी वाढला असता, हेही त्याने सांगितले.

आमची रविवारची फेरी

त्यानंतर आम्ही एक नेम सुरू केला. दर दुसऱ्या रविवारी पहाटे चहा घेऊन निघायचे. घराजवळून बुकित तिमाह एक्स्प्रेसवे, मग सेलेतार, मग तांपिनिस आणि चांगीकडून पॅन आयलंड एक्स्प्रेसवेने परत. सुमारे साठ किलोमीटरची प्रदक्षिणा. रविवारी ईआरपीची कमान पैसे कापत नाही आणि पहाटे रस्ता मोकळा असतो. आई हट्टाने पुढच्या सीटवर बसे आणि तोंडाने विष्णुसहस्रनाम चाले. तिचे स्तोत्र संपेपर्यंत गाळणी साफ, असा आमच्या घरचा हिशेब होता.

रिजनरेशन चालू आहे हे ओळखायला शिकलो. उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे किंचित वाढतात, डिझेलचा खप अचानक जास्त दिसतो, करपल्यासारखा वास येतो आणि इंजिन बंद केले तरी पंखा फिरत राहतो. अशा वेळी घर आले तरी थांबू नये, अजून दहा मिनिटे फिरून यावे. पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून भागत नाही, कारण गाळणी तेवढी तापत नाही. आणि इथे उभ्या गाडीचे इंजिन उगाच चालू ठेवणे हा गुन्हाही आहे.

खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. १८ मार्चला मलेशियाची हद्द बंद झाली आणि ७ एप्रिलपासून इथे सर्किट ब्रेकर लागला. कामाशिवाय बाहेर पडायचे नव्हते, मग गाळणीसाठी बेटाची प्रदक्षिणा कसली? जूनमध्ये इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहिली तर पातळी वर चढलेली. ऑइल कमी झाले तर आपण घाबरतो. डिझेल गाडीत ते वाढले तरी घाबरावे. अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनचे न जळलेले डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते. ताबडतोब ऑइल बदलले, म्हणून थोडक्यात निभावले.

सांभाळण्याच्या चार गोष्टी

पहिली, ऑइल. डिझेलच्या गाळणीसाठी कमी राख सोडणारे ऑइल मिळते, तेच घालावे. काजळी जळते, राख जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते. कंपनी सांगते त्याच्या आधीच ऑइल बदलले तर उत्तम.

दुसरी, युरिया. आमच्या गाडीला वेगळ्या टाकीत 'ॲडब्लू' लागते. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचे त्याने निरुपद्रवी नायट्रोजन आणि वाफ होते. गावाकडे उसाला घालतात तोच हा युरिया, पण फार शुद्ध. खताचे पोते विरघळवण्याचा विचारही करू नये. इथल्या उष्म्यात हे पाणी वर्षभराच्या पुढे साठवू नये.

तिसरी, डिझेलची प्रत. सिंगापुरात २०१३ पासून जवळजवळ गंधकरहित डिझेल मिळते. मलेशियात पूर्वी गंधक जास्त असे. जोहोरमधल्या काही पंपांवर २०१४ पासून युरो ५ डिझेल मिळू लागले आणि २०२१ पासून ते देशभर आहे. पंपावरची पाटी वाचून मगच भरावे.

चौथी, तपासणी. तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी आणि दहा वर्षांनंतर दरवर्षी गाडी तपासून घ्यावी लागते. डिझेलचा धूर त्यात तपासतात. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला देणारे महाभाग भेटतात; त्यांना नमस्कार करून पुढे जावे.

आता पुढे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची चाचणीतली लबाडी उघड झाली. सिंगापुरात जानेवारी २०१८ पासून कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सूक्ष्म कणही मोजू लागले आणि डिझेलची सूट गेली. १ जानेवारी २०२५ पासून नव्या डिझेल मोटारी आणि टॅक्सींची नोंदणीच बंद झाली. जुन्यांना सीओई वाढवण्याची मुभा आहे.

आमचा सीओई जून २०२७ मध्ये संपतो. तो वाढवायचा तर मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी दराने पैसे भरायचे. पाच वर्षांसाठी निम्मे, पण मग पुन्हा वाढवता येत नाही. दहा वर्षे भरण्याआधी गाडी काढली तर सुरुवातीला भरलेल्या एआरएफचा निम्मा भाग परत मिळतो. सीओई वाढवला की तो बुडतो. शिवाय अकराव्या वर्षापासून रोड टॅक्स दहा टक्क्यांनी वाढतो आणि पुढे चढत पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. म्हाताऱ्या डिझेल गाडीची गाळणी, इंजेक्टर आणि टर्बो यांचा खर्च वेगळाच.

आई २०२२ मध्ये गेली. मुलगी शिकायला परदेशी आहे. बाजाराला आम्ही ब्यूटी वर्ल्डहून डाउनटाउन लाइनने जातो. गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटरही होत नाही, त्यातले निम्मे तिची गाळणी साफ ठेवायला. सौ. म्हणाली, "आपण गाडीत बसतोय की गाडीला फिरवून आणतोय?" हिशेब कागदावर मांडला तेव्हा उत्तर स्पष्ट होते, मलाच ते वाचायचे नव्हते. येत्या एप्रिल-मेच्या सुमाराला आम्ही तिला निरोप देणार.

तेव्हा तरुण मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. महिन्यातून दोनदा मलेशियाला जात असशील, घरात माणसे आणि सामान भरपूर असेल, आणि सीओईची निदान तीन-चार वर्षे शिल्लक असलेली, सर्व्हिसिंगची पूर्ण कागदपत्रे असलेली गाडी मिळत असेल, तर जरूर घे. ऑइलची पट्टी आधी बघ. पण शाळा, ऑफिस आणि मंडळाचे कार्यक्रम एवढेच करायचे असेल, तर डिझेलच्या वाटेला जाऊ नकोस. आणि यंदाच्या गणपतीचे मखर आणायला आमची गाडी आहेच. येताना जरा लांबून, सेलेतारकडून येऊ म्हणजे झाले.