मागे पडलेल्या मुलांविषयी एक प्रयोग

पटावर नाव चढले म्हणजे मूल शिकू लागले, असे नव्हे. तिसरी-चौथीत येऊनही ज्यांना वाचन व अंकज्ञान साधलेले नसते, अशा मुलांसाठी ‘प्रथम’ संस्थेने मुंबई व बडोदा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ योजना चालविली. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी तिची पारख केली. काही शाळांत एका इयत्तेला, तर काहींत वेगळ्या इयत्तेला बालसखी देऊन परस्परांशी तुलना करण्यात आली.

बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील, शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेली तरुणी. पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वेगळी बसवून ती पहिली-दुसरीचाच पाया पक्का करी. त्या मुलांचे गुण वाढले. मूळ वर्गात मात्र संख्या घटूनही उरलेल्यांना विशेष लाभ झाला नाही. मोठ्या पटालाच दोष देणाऱ्या आपणां सर्वांना हे थोडे बोचेल. योजना थांबल्यावर वर्षभरात लाभ बराच ओसरला, हेही संशोधकांनी नमूद केले आहे.

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामानंतर परतणाऱ्या मुलांना शिक्षकांनी प्रथम दुसरीचा उतारा वाचावयास द्यावा व अडखळणाऱ्यांची नोंद स्वतंत्र वहीत ठेवावी.