स्टीलची टोपी पुरेशी नाही. चेनसॉसाठी बूट कसा निवडाल?

वादळात झाड रस्त्यावर आडवे झाले, की गावातले कोणीतरी कटर मशीन घेऊन धावते. २०२० च्या ‘निसर्ग’ आणि २०२१ च्या ‘तौक्ते’ चक्रीवादळानंतर कोकणाने हे भरपूर पाहिले. मशीन चांगले असते, पायात मात्र स्लिपर किंवा साधा गमबूट.

सेफ्टी शूज घातले तर?

बांधकामावरचे सेफ्टी शूज बोटांवर जड वस्तू पडण्यापासून वाचवतात. आयएस १५२९८ मानकात टोपीची चाचणी २०० जूल आघाताची असते. पण पडलेल्या झाडाच्या फांद्या छाटताना साखळी घसरली, तर ती टोपीच्या मागे, पायाच्या वरच्या भागावर किंवा घोट्यापाशी बसू शकते. तिथे नुसते चामडे काय करणार?

चेनसॉच्या बुटात पुढच्या बाजूला चिवट तंतूंचे थर असतात. वरचा भाग कापला गेला, की हे तंतू साखळीत गुंततात आणि ती अडकते. मागची बाजू बहुधा मोकळीच असते, हे विसरू नका.

खरेदी करताना ढालीत चेनसॉचे चित्र आणि ‘आयएसओ १७२४९’ हा क्रमांक शोधा. पहिल्या वर्गाची चाचणी सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीवर होते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. दुसऱ्याची २४, तिसऱ्याची २८ मीटरवर. हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. साखळी कधीच कापू शकणार नाही असा बूट मिळत नाही.

बूट चावतो म्हणून घरीच राहिला तर?

बहुतेकदा हेच होते, म्हणून माप महत्त्वाचे. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कामावरचेच जाड मोजे घालून बूट घालून बघा. उतारावर उभे राहिल्यावर बोटे टोपीला टेकली, तर नंबर लहान आहे. चालताना टाच उचलली जात असेल, तर फोड ठरलेला.

चामड्याचा बूट पहिल्याच दिवशी रानात नेऊ नका. आधी घरात अर्धा तास, मग तासभर, नंतर अंगणात आणि चढावर, असे आठ-दहा दिवस वापरा. नाडी वरपर्यंत बांधा, म्हणजे दुमड योग्य जागी पडते. पाण्यात भिजवून उन्हात वाळवण्याचा जुना उपाय इथे नको; चामडे कडक होऊन तडकते. ओला बूट कागद कोंबून सावलीत वाळवा, चुलीजवळ नाही.

रबरी बूट पायाला सरावत नाही. तो दुकानातच नीट बसला पाहिजे. पण कोकणातल्या पावसात चामड्याला बुरशी धरते, त्यामुळे पावसाळी कामाला रबरीच बरा.

पँट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचली तर भुसा आत जातो. आणि साखळी एकदा तंतूंपर्यंत पोचली असेल, तर तो बूट चांभाराकडे शिवायला नेऊ नका. तुटलेले तंतू टाक्यांनी जुळत नाहीत, बूट बदला.