लखनौहून निघालेला कागद

कोल्हापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत परराष्ट्र सेवेचं स्वप्न बघणारं एखादं पोर हटकून भेटतं. त्याच्या तोंडी नाव असतं ज्ञानेश्वर मुळ्यांचं. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचा मुलगा १९८३ च्या तुकडीतून परराष्ट्र सेवेत शिरला, मालदीवमध्ये उच्चायुक्त झाला, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाला. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण याच जिल्ह्यातल्या वडगावात १२ ऑगस्ट १९०६ रोजी जन्मलेल्या शंकरराव पांडुरंग पाटील थोरातांचं नाव त्या पोरांना विचारलं, तर बहुतेक जण गप्प बसतात.

थोरात सैनिक. सँडहर्स्टला शिकलेले, ब्रह्मदेशातल्या कांगाव इथे जपान्यांशी लढून डीएसओ हे शौर्यपदक मिळवलेले. मुत्सद्देगिरी त्यांच्या वाट्याला आली ती १९५३ मध्ये, कोरियात. शस्त्रसंधी झाली, पण मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे साडेबावीस हजार युद्धकैद्यांचं करायचं काय? पाच राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय जवानांना आपल्या मातीवर पाय ठेवू देणार नाही, असं बजावलं होतं. म्हणून बोटींवरून हेलिकॉप्टरनं त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथे चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कोंडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून घेऊन आले. बंदुकीनं हे काम सोपं झालं असतं. पण गोळी सुटली असती तर भारताच्या तटस्थपणाला दोन्ही बाजूंनी आग लागली असती. हे भान राखणं हेच तिथलं राजकारण होतं. १९५४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढे थोरात लखनौला पूर्व विभागाचे सेनाधिपती झाले. नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची, सरहद्द तोवर मुख्यतः आसाम रायफल्सच्या हाती होती. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला चिनी सैन्याशी चकमक झाली आणि ही सरहद्द लष्कराकडे आली. थोरातांनी प्रदेश पाहिला. चीनच्या बाजूनं रस्ते सरहद्दीपर्यंत भिडत होते. आपले पायथ्याशीच संपत होते. अशा ठिकाणी डोंगराच्या टोकावर मूठभर जवान बसवले, तर त्यांना ना धान्य पोचणार, ना दारूगोळा. म्हणून पुढच्या चौक्या फक्त शत्रूची चाहूल देण्यापुरत्या ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, आपली रसद पोचेल आणि शत्रूची दमछाक होईल अशा रेषेवर द्यावी, असा आराखडा त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये दिल्लीला पाठवला.

तेव्हा सरसेनापती असलेल्या थिमय्यांनी तो संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. मेनन यांना तो घबराट पसरवणारा वाटला. चीनला आपण वाटाघाटींनी थोपवू, हा त्यांचा विश्वास. थोरात स्वस्थ बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेतला. तो कागदावरचाच सराव, पण त्यातून निघालेलं चित्र दोन वर्षांनी नेफात जसंच्या तसं दिसलं.

हा तपशील आपल्याला मुख्यतः थोरातांच्याच आत्मचरित्रातून कळतो, आणि आपण बरोबर होतो असं सांगणारा माणूस थोडा सावधपणेच वाचावा. तरी तारखा त्यांच्या बाजूनं बोलतात. मे १९६१ मध्ये थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले. सरसेनापतिपदासाठी थिमय्यांची पसंती थोरातांना असूनही नेमणूक जनरल थापर यांची झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुढे चौक्या टाकत जायचं धोरण ठरलं. म्हणजे आराखड्यात जे नको म्हटलं होतं, नेमकं तेच. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला झाला आणि महिन्याच्या आत नेफातलं बोमडिला पडलं. पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावलं. हा कागद आधी माझ्यापुढे का आला नाही, असं त्यांनी विचारलं, अशी थोरातांची नोंद आहे. मला या सगळ्या प्रकरणात हीच जागा सर्वांत बोचते. थोरातांची चूक काढायचीच, तर ती एवढीच की त्यांनी शिस्तीची पायरी सोडली नाही. पण पायरी सोडणारा सेनापती कुठल्या लोकशाहीला परवडतो?

मेनन पायउतार झाले आणि त्यांच्या खुर्चीत आले यशवंतराव चव्हाण. हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे १९३८ चे पदवीधर. या पराभवाची लष्करी चौकशी त्यांच्याच काळात झाली. तो हेंडरसन-ब्रूक्स अहवाल सरकारनं अजून पूर्ण खुला केलेला नाही. चव्हाणांनी मेनन यांची रीत मोडली. सेनाप्रमुखांशी रोज बसायला सुरुवात केली. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा विमानदल वापरायची परवानगी त्यांनी मंत्रिमंडळाची वाट न बघता काही मिनिटांत दिली. कागद खालून वर पोचायला वेळ लागू नये, हा धडा त्यांनी घेतला होता, असं मला वाटतं.

१९७४ मध्ये चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले. चीनमधला आपला राजदूत १९६१ पासून परत आलेला होता. एप्रिल १९७६ मध्ये बीजिंगला पुन्हा राजदूत पाठवण्याची घोषणा झाली आणि के. आर. नारायणन रवाना झाले. त्या ऑगस्टमध्ये थोरात सत्तर वर्षांचे झाले.