वाहनतळाची सक्ती आणि तिचा भार

नव्या दुकानास, उपाहारगृहास, कचेरीस वा रुग्णालयास बांधकामाची परवानगी देताना त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाहने उभी करण्यासाठी जागा राखण्याची अट घालणे, हा विसाव्या शतकातील नगररचनेचा जवळजवळ सर्वमान्य नियम होऊन बसला. या अटीमागील युक्तिवाद वरवर पाहता निर्दोष आहे. व्यवसायाकडे गिऱ्हाईक येते, गिऱ्हाइकाबरोबर वाहन येते, आणि ते वाहन रस्त्यावर उभे राहून इतरांची वाट अडविते; तेव्हा ज्याच्यामुळे अडचण उद्‌भवली त्यानेच ती निवारावी, हे न्यायाचेच झाले. परंतु हा भार अखेर कोणाच्या माथी पडतो, याचा शोध घेऊ लागले म्हणजे न्यायाची ही बाजू बरीच लंगडी पडते.

नियमाचा उगम अमेरिकेतील आहे. ओहायो राज्यातील कोलंबस नगराने 1923 साली बहुकुटुंबी निवासी इमारतींना अशी अट प्रथम लागू केली. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो नगराने 1939 साली ती हॉटेले व रुग्णालये यांच्यापर्यंत वाढविली. या दोन तारखांच्या मध्ये आणखी एक घटना घडली. 1935 च्या जुलैमध्ये ओक्लाहोमा सिटी येथे रस्त्याच्या कडेला पार्किंगचे पहिले मीटर बसविण्यात आले व तासाला 5 सेंट आकार घेण्यास सुरुवात झाली. म्हणजे रस्त्याकडेची जागा अपुरी पडू लागली तेव्हा नगरांपुढे दोन मार्ग खुले होते. त्या दुर्मीळ जागेची किंमत आकारून मागणी आवरणे हा एक, आणि खासगी मालकास जागेचा पुरवठा वाढविण्यास भाग पाडणे हा दुसरा. मीटर पुष्कळ ठिकाणी बसले खरे, परंतु युद्धोत्तर काळात धोरणाचा सारा भर दुसऱ्या मार्गावर राहिला. त्याचे कारण समजण्यास कठीण नाही. मीटरमध्ये टाकलेले नाणे मतदारास दिसते. इमारतीच्या खर्चात मिसळलेली जागेची किंमत दिसत नाही, आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात तर तिचा मागमूसही नसतो.

सक्ती करावयाची म्हणजे आकडा हवा. तो कसा ठरविला गेला, याची चिकित्सा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप (मृत्यू 2025) यांनी आयुष्यभर केली. ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हा त्यांचा ग्रंथ 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने निरनिराळ्या उपयोगांच्या इमारतींपाशी किती वाहने उभी राहतात याची पाहणी करून जे प्रमाणसंग्रह प्रसिद्ध केले, त्यांपैकी 1987 च्या आवृत्तीतील निम्मी प्रमाणे चार किंवा त्याहून कमी पाहण्यांवर आधारलेली होती, आणि 22 टक्के तर एकाच पाहणीवर. मोटारीत बसूनच पदार्थ घेण्याची सोय असलेल्या उपाहारगृहांसाठी 18 ठिकाणांची पाहणी झाली होती. तीवरून दर 1,000 चौरस फुटांस सरासरी 9.95 जागा असे प्रमाण निघाले. दशांशचिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत मोजलेल्या या आकड्याचा रुबाब मोठा. परंतु त्याच पाहणीत क्षेत्रफळ आणि वाहनसंख्या यांचा निर्धारण गुणांक अवघा 0.038 आहे. म्हणजे उभ्या वाहनांच्या संख्येत जो फरक आढळला त्याच्या जेमतेम 4 टक्के भागाचा उलगडा क्षेत्रफळावरून होतो. संख्याशास्त्राच्या प्राथमिक परीक्षेतही अशा संबंधास कोणी नियम म्हणणार नाही. तरीही अनेक नगरांनी अशा उपाहारगृहांस 1,000 चौरस फुटांमागे 10 जागांची अट घातली.

नमुना लहान असणे हा दोष एक वेळ सुधारता येईल. मुख्य दोष तर्काचा आहे. या पाहण्या बहुतांशी अशा ठिकाणी झाल्या, की जेथे जागा मुबलक व निःशुल्क होती आणि सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नव्हती. तेव्हा मोजली गेली ती शून्य किमतीस होणारी कमाल मागणी. तीच पुढे ‘गरज’ या नावाने नियमात शिरली. नियमामुळे जागेचा पुरवठा इतका झाला की तिची किंमत शून्यच राहिली. आणि शून्य किमतीमुळे मोटारीचा वापर वाढून पुढील पाहणीत ‘गरज’ पुन्हा सिद्ध झाली. अर्थशास्त्रात किमतीवाचून मागणी सांगणे हे अर्धवट विधान होय. कोणत्याही अन्य वस्तूच्या बाबतीत, उदाहरणार्थ धान्याच्या, फुकट वाटले असता जेवढे उचलले जाईल तेवढे पिकविण्याची सक्ती कोणी शेतकऱ्यावर केली नसती.

या सक्तीचे भौतिक प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. आत-बाहेर जाण्याच्या वाटेसह एका मोटारीस सुमारे 300 चौरस फूट लागतात. म्हणजे वर सांगितलेल्या उपाहारगृहास स्वतःच्या तिप्पट भूमी केवळ वाहनांसाठी द्यावी लागते. भारतातील उदाहरण घ्यावयाचे तर 2007 मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्याचे घेता येईल. त्यात व्यापारी इमारतींसाठी दर 100 चौरस मीटर क्षेत्रामागे 3 मोटारींची जागा विहित होती, आणि तळघरात एका मोटारीस 32 चौरस मीटर धरावेत असे मान होते. गुणाकार 96 येतो. 100 चौरस मीटर दुकानासाठी 96 चौरस मीटर तळघर! खोदकाम, भिंतींचे जलरोधन, वायुवीजन व उतार यांचा खर्च ध्यानात घेता भूमीखालचे क्षेत्र स्वस्त पडत नाही, हे स्थापत्याच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

हा खर्च व्यावसायिक सोसतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तो काही अंशी भूमीच्या उतरलेल्या किमतीतून जमीनमालकावर, काही अंशी भाड्यातून भाडेकरूवर आणि मालाच्या दरातून ग्राहकावर सरकतो. आणि ग्राहकांमध्ये चालत, बसने वा सायकलने येणाराही असतो. 2011 च्या जनगणनेनुसार भारतातील 4.7 टक्के कुटुंबांकडे मोटार होती, 21 टक्क्यांकडे दुचाकी आणि 44.8 टक्क्यांकडे सायकल. ही प्रमाणे त्यानंतर बदलली असणारच, आणि शहरांत ती मुळातही निराळी होती. परंतु त्यामुळे युक्तिवादाची दिशा पालटत नाही. अल्पसंख्य वाहनधारकांच्या सोयीचा खर्च बहुसंख्यांच्या खरेदीत विरघळवून टाकणारा हा नियम परिणामतः प्रतिगामी कराचेच काम करतो. फरक इतकाच की करावर विधिमंडळात चर्चा होते. या अटीवर क्वचितच होते.

जुन्या इमारतींच्या बाबतीत नियमाचा आणखी एक परिणाम होतो. उपयोग बदलावयाचा झाल्यास नव्या उपयोगाचे प्रमाण लागू होते, आणि वाहनपूर्व काळातील इमारतीत तेवढी जागा कोठून आणावयाची? लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागातील जुन्या कचेऱ्या व पेढ्यांच्या इमारती याच कारणाने वर्षानुवर्षे ओस पडून होत्या. 1999 च्या स्थानिक कायद्याने त्यांचे निवासात रूपांतर करताना नव्या वाहनतळाची अट काढून टाकली. त्यानंतरच्या दशकभरात तेथे सुमारे सात हजार निवासस्थाने निर्माण झाली. त्याच कायद्यात इतरही सवलती होत्या, तेव्हा सारे श्रेय एका कलमास देता येणार नाही. पण ते कलम नसते तर बाकीच्या सवलती बऱ्याच अंशी कागदावर राहिल्या असत्या.

सक्तीच्या समर्थकांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. अट काढल्यास वाहने नाहीशी होणार नाहीत, ती शेजारच्या गल्लीत उभी राहतील, असे ते म्हणतात. हे खरे आहे. परंतु ती गल्लीत उभी राहतात ती तेथे काही द्यावे लागत नाही म्हणून. जपानने 1962 च्या कायद्याने वाहनधारकावरच जबाबदारी टाकली: निवासापासून विहित अंतरात वाहन ठेवण्याची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला मिळाल्यावाचून मोटारीची नोंदणी होत नाही, आणि रात्री रस्त्यावर मोटार ठेवणे निषिद्ध आहे. मोठ्या इमारतींस जागेची अट जपानी नगरांतही आहे. पण वाहन ठेवण्याचे मूळ दायित्व ते विकत घेणाऱ्याचे, हे तत्त्व तेथे नोंदणीपाशीच ठरून जाते.

मुंबईचा अनुभव याच मुद्द्यास उलट बाजूने पुष्टी देतो. तेथे विहित वाहनतळाचे क्षेत्र चटईक्षेत्र निर्देशांकात धरले जात नाही; परिणामी रस्त्यास लागून वाहनांचे अनेक मजले आणि त्यांवर माणसांची वस्ती, अशी रचना नव्या मनोऱ्यांत रूढ झाली. शिवाय सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेस देणाऱ्या विकासकास वाढीव चटईक्षेत्र देण्याची योजनाही राबविण्यात आली. तरीही 2019 च्या जुलैपासून महापालिकेस अशा वाहनतळांच्या 500 मीटर परिसरात रस्त्यावर बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांना हजारो रुपयांचा दंड जाहीर करावा लागला. जागा बांधल्याने रस्ता मोकळा झाला असता, तर दंडाची पाळी आली नसती. फुकटच्या रस्त्याशी सशुल्क मजल्याची स्पर्धा कधीच समान नसते.

सक्ती उठविल्यावर काय होते, याचे दोन निर्णायक अनुभव उपलब्ध आहेत. लंडनने 2004 मध्ये किमान मर्यादा काढून कमाल मर्यादा घातली. नव्या निवासस्थानांमागील जागांचे प्रमाण सुमारे 1.1 वरून 0.6 वर आले, आणि ही घट मुख्यत्वे किमान मर्यादा गेल्यामुळे झाली, कमाल मर्यादेमुळे नव्हे, असे अभ्यासकांना आढळले. न्यूयॉर्क राज्यातील बफलो नगराने 2017 मध्ये साऱ्या नगरातील किमान अट रद्द केली. पहिल्या दोन वर्षांतील मोठ्या प्रकल्पांपैकी 47 टक्के प्रकल्पांनी पूर्वीच्या अटीपेक्षा कमी जागा बांधल्या. उरलेल्यांनी तेवढ्याच किंवा अधिक. ज्यांना जागा हवी होती त्यांनी ती बांधली. सक्तीवाचून वाहनतळच उरणार नाहीत ही भीती त्यामुळे निराधार ठरते; त्याचबरोबर, सक्ती जाताच मोटारींची संख्या घटेल ही आशाही फार ताणून चालणार नाही.

लंडनचा दाखला देताना एक गोष्ट सहसा सांगावयाची राहून जाते. 2004 च्या कितीतरी आधीपासून अंतर्भागातील बहुतेक रस्त्यांवर नियंत्रित पार्किंगची क्षेत्रे होती; रहिवाशांस परवाना घ्यावा लागे आणि परक्या वाहनास शुल्क पडे. किमान अट गेली तेव्हा वाहने गल्लीत लोटण्याची वाट अगोदरच बंद झालेली होती. पुण्यात वा नागपुरात जेथे बहुसंख्य रस्त्यांच्या कडा आजही निःशुल्क आहेत, तेथे हा क्रम उलटा धरल्यास समर्थकांचा आक्षेप पहिल्याच वर्षी खरा ठरेल, आणि नगरसेवक अट पुन्हा लागू करण्याचा ठराव आणतील. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना नगराने 1993 मध्ये जुन्या बाजारपेठेत मीटर बसविताना त्यांचे उत्पन्न त्याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर व स्वच्छतेवर खर्चण्याचे व्यापाऱ्यांना मान्य केले, तेव्हा त्यांचा विरोध मावळला. सक्ती उठविण्याचा विचार करणाऱ्या नगरपालिकेने आरंभ करावयाचा तो येथून.