प्रतिऑक्सिडीकारक-मापक संवेदक, विद्युत् रासायनिक

चहा, द्राक्ष मद्य, फळांचे रस इ. पेयांतील प्रतिऑक्सिडीकारक संयुगांचे प्रमाण, त्यांच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या विद्युत् प्रवाहावरून ठरविणारी प्रयुक्ती. प्रतिऑक्सिडीकारक संयुगाचे स्वतःचे ऑक्सिडीकरण सहज होते व त्यामुळे दुसऱ्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण रोखले वा मंदावले जाते. क जीवनसत्त्व (अस्कॉर्बिक अम्ल), चहातील कॅटेचिने, कॉफीतील क्लोरोजेनिक अम्ल ही अशी संयुगे होत. इलेक्ट्रॉन सहज देणे हाच त्यांचा विशेष असल्याने विद्युत् अग्र हे त्यांच्या मापनाचे स्वाभाविक साधन ठरते.

संवेदकात सामान्यतः कार्यकारी, संदर्भ व साहाय्यक अशी तीन अग्रे असतात. कार्यकारी अग्र बहुधा कार्बनाचे असते. पेयाचा विरल नमुना घेऊन या अग्राचे वर्चस् ठराविक वेगाने वाढवीत नेतात. ज्या वर्चसाला एखाद्या संयुगाचे ऑक्सिडीकरण होते, तेथे प्रवाहाच्या आलेखात शिखर उमटते. शिखराच्या स्थानावरून इलेक्ट्रॉन देण्याची सुलभता व उंचीवरून संहती कळते. वर्चस् पुन्हा मूळ मूल्यावर आणल्यास पद्धतीला चक्रीय व्होल्टमिती म्हणतात. या पद्धतींचे मूळ यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये प्राग येथे शोधलेल्या पोलॅरोग्राफीत असून तीबद्दल त्यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे पाऱ्याचे अग्र मात्र येथे चालत नाही. फिनॉलांना लागणाऱ्या वर्चसाला पाऱ्याचेच ऑक्सिडीकरण होऊ लागते.

द्राक्ष मद्यासाठी पॉल किलमार्टिन व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये चक्रीय पद्धत मांडली. सिल्व्हर क्लोराइड अग्राच्या संदर्भात सु. ०·४ व्होल्टला येणारे पहिले शिखर सर्वांत सहज ऑक्सिडीकृत होणाऱ्या फिनॉलांचे असते. येथे एक फसगत संभवते. मद्य टिकावे म्हणून घातलेला सल्फर डाय-ऑक्साइड अग्रावर बनलेल्या क्विनोनाचे क्षपण करून पुन्हा फिनॉल बनवितो. ते परत ऑक्सिडीकृत होते आणि शिखर फुगते. म्हणून नमुन्यात ॲसिटाल्डिहाइड मिसळून सल्फर डाय-ऑक्साइड आधी बद्ध करतात.

फळांच्या रसात क जीवनसत्त्व व फिनॉले यांची शिखरे एकमेकांत मिसळतात. अस्कॉर्बेट ऑक्सिडेज या एंझाइमाने जीवनसत्त्व नष्ट करून केलेले दुसरे मापन पहिल्यातून वजा केल्यास दोहोंचा वाटा कळू शकतो. टायरोसिनेज वा लॅकेज एंझाइम अग्रावर बसविल्यास फिनॉलांचे क्विनोन तेथेच बनते व त्याचे क्षपण शून्याजवळील वर्चसाला मोजता येते. त्यामुळे इतर द्रव्यांचा अडथळा घटतो. ऑक्सिडीकरणातून बनलेल्या बहुवारिकांचा थर बसून अग्र मंदावते, ही नित्याची अडचण होय. यामुळे अग्र वारंवार घासावे लागते किंवा एकदाच वापरावयाच्या, छपाईने बनविलेल्या पट्ट्या घेतात.

मिळालेला आकडा बहुधा गॅलिक अम्लासारख्या एका प्रमाण संयुगाच्या तुल्यांकात देतात. तो त्या पेयातील इलेक्ट्रॉनदात्यांचा आकडा असतो, आरोग्याचा नव्हे. प्यायलेल्या फिनॉलांपैकी थोडीच मूळ रूपात रक्तात पोहोचतात. ओरॅक या प्रकाशीय पद्धतीने काढलेल्या अशाच आकड्यांचे कोष्टक अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतले. शरीरातील परिणामाशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नसतानाही उत्पादक जाहिरातींत त्यांचा वापर करीत होते.